सुट्टीत चित्रं-रांगोळी काढून गुणाकार शिकवायचाय, कोणी केलंय का?

अमळनेरची_माई

नमस्कार मंडळी, जरा अडचण आहे म्हणून लिहितेय, पोस्ट मोठी झाली तर सांभाळून घ्या.

मुलगा तिसरीत आहे, सेमी इंग्लिशला. दोन, पाच, दहाचे पाढे तोंडपाठ, तीन-चार पण ढकलत ढकलत होतात, पण सहाच्या पुढे गेलं की गाडी बंद. शाळेत 'सिक्स सेव्हन्स आर फॉर्टी टू' म्हणून घेतात आणि घरी आबा म्हणजे माझे सासरे दिवाबत्ती झाली की 'सहा एके सहा' वरून सुरू करतात, त्यामुळे पोराच्या डोक्यात दोन रेडिओ एकदम चालू असतात, मधेच 'सिक्स साती' म्हणतो आणि थांबतो. ओरडून झालं, एकदा पाठीत धपाटा पण घालून झाला (खोटं कशाला बोलू), आता पाढ्यांची वही दिसली की त्याच्या पोटात दुखायला लागतं.

चित्रं मात्र वेड्यासारखी काढतो. पोळ्याला कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर सगळ्या गल्लीचे बैल काढले होते, झूल, गोंडे, शिंगांना बेगड, सगळं. म्हणून वाटलं त्यातून काही जमेल का.

शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून दोन वर्कशीट दिल्यात, प्रत्येक खणात एक गुणाकार, २४ आलं तर हिरवा रंग, ३६ आलं तर लाल असं. चित्र कसलं तर एक ख्रिसमसचं झाड आणि एक दात विचकणारा भोपळा. दिवाळीच्या सुट्टीला! बरं ते जाऊ द्या. पठ्ठ्याने दहा मिनिटात दोन्ही रंगवून आणले, मी एकदम खुश, आणि मग सहज विचारलं सहा चोक किती, तर गप्प. म्हटलं अरे मग हिरवा रंग कसा भरला, तर म्हणतो, "आई, झाड हिरवंच असतं ना."

तर प्रश्न असा की रांगोळी, आकाशकंदील, किल्ला, काहीही चालेल, पण खरंच गुणाकार डोक्यात जाईल असं कोणी मुलांकडून करून घेतलंय का? घरी प्रिंटर नाही. रोज अर्धा तास देऊ शकते. माझं स्वतःचं गणित दहावीला काठावर सुटलेलं आहे हे पण लक्षात घ्या.

मास्तर_साक्री

ताई, आधी पोराचं कौतुक करा. झाड हिरवं असतं म्हणून त्याने हिरवं केलं, ह्यात त्याचं डोकं बरोबरच चाललंय, चूक त्या कागदाची आहे. मी १९ वर्षं झेडपीत तिसरी-चौथी घेतोय, असले कागद आमच्याकडे पण येतात व्हॉट्सअपवर ढिगाने. माझी एक साधी परीक्षा आहे, चित्रातून गुणाकार काढून टाकला आणि तरी चित्र जसंच्या तसं राहिलं तर ते चित्र गुणाकाराच्या कामाचं नाही. झाडाला २४ शी काही देणंघेणं नाही. पण ठिपक्यांच्या रांगोळीत रांगा आणि रांगेतले ठिपके हाच गुणाकार आहे, तो काढला तर रांगोळीच उरत नाही.

तर रांगोळीपासूनच सुरू करा. जुना पेपर घ्या, घड्या घाला आणि उदबत्तीने भोकं पाडा, आपल्या आया-आज्या पाडायच्या तसंच, म्हणजे ठिपक्यांचा कागद घरच्या घरी तयार. (उदबत्ती तुम्ही धरा, पोराच्या हातात देऊ नका.) घड्या घालतानाच मजा सुरू होते, कारण कागद चार पदरी असेल तर एका भोकाची चार भोकं होतात, त्याला आधी विचारायचं किती होतील आणि मग उघडून दाखवायचं. पहिले दोन दिवस ह्यातच जाऊ द्या, घाई करू नका.

मग ६ रांगा, प्रत्येकीत ७ ठिपके. मोजू द्या एकेक करून, बेचाळीस येऊ द्या. आता कागद आडवा फिरवा. ७ रांगा, प्रत्येकीत ६. ठिपके तेच. हे आपल्याला इतकं उघड वाटतं की आपण सांगतच नाही, आणि पोरं बिचारी सहा साती आणि सात सक हे दोन वेगवेगळे पाढे म्हणून दोनदा पाठ करत बसतात. एकदा कागद फिरवून बघितला की अर्धं ओझं तिथेच उतरतं. हिशोब करा, १ ते १० च्या पाढ्यांत १०० घरं आहेत, उलटसुलट एकच धरली तर ५५ राहतात, त्यातून एक, दोन, पाच आणि दहाचं काढून टाका कारण ते त्याला येतंच, तर उरतात फक्त २१. एकवीस! त्यातले तीन-चारचे पण तो ढकलतोय म्हणता. म्हणजे पोटात दुखण्याएवढं खरं तर काही शिल्लकच नाही, पण वहीत बघितलं की डोंगर दिसतो.

दुसरी गोष्ट, आणि ही माझी सगळ्यात आवडती. ६ रांगा ७ ठिपक्यांच्या काढल्या की पाचव्या ठिपक्यानंतर उभी रेघ मारायला सांगा. डावीकडे ६ गुणिले ५ म्हणजे ३०, जे त्याला येतं. उजवीकडे ६ गुणिले २ म्हणजे १२, ते पण येतं. बेचाळीस. दोन बाजूंना दोन रंग. बास, न येणारा पाढा दोन येणाऱ्या पाढ्यांत मोडला. आणि ही युक्ती काही माझी नाही, आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाऊन या कधीतरी, तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, १२०७ सालचा, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याबद्दलचा. त्या आजोबांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत १३५ गुणिले १२ असं उदाहरण घातलंय आणि ते सोडवायच्या ज्या रीती दिल्यात त्यातली एक हीच, १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करा, वेगवेगळं गुणा आणि बेरीज करा. १०८० आणि ५४०, म्हणजे १६२०. पोराला हे सांगायची गरज नाही, पण आबांना सांगा, त्यांना बरं वाटेल.

एक सावधगिरी. ठिपके मोजायचे की ठिपक्यांमधली घरं मोजायची हे आधी ठरवा. ७ ठिपक्यांमध्ये घरं ६ च होतात, आणि ६ रांगांमध्ये ५ च. ह्यात पोरं हमखास गंडतात आणि आईबापसुद्धा, मग आई म्हणते ४२, पोरगं म्हणतं ३० आणि दोघंही बरोबर असतात!

नाना_धुळेकर

मास्तर तुमचं सगळं बरोबर असेल पण मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका. आम्ही कधी चित्रं काढली? संध्याकाळी शुभंकरोती झालं की परवचा, बे एके बे पासून तीस दाहे तीनशे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीचचे पाढे. नाही आलं तर जेवण उशिरा. मार्केटात मुनीम होतो ३४ वर्षं, कापसाच्या गाडीचा हिशोब कागद न लावता तोंडी व्हायचा, आणि आज तिथेच एक पदवीवाला पोरगा बसलाय तो २५ गुणिले ४ ला मोबाईल काढतो. आधीच ते २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' आणून गोंधळ घातला, आता पाढ्यांच्या जागी रांगोळी. आमच्या अहिराणीत सांगू का, पोर्‍याले आधी पाढा पाठ करू दे, मंग काय चितरं काढानी ती काढ.

आणि आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाचे रोट आठवा. आमच्या घरी माणसामागे सव्वा मूठ गहू घेतात. आई अंगठेबहाद्दर होती पण सहा माणसांचे साडेसात मुठी हे ती गहू पाखडता पाखडता सांगायची. ही सवायकी आता तुमच्या ठिपक्यांत कशी काढणार ते दाखवा.

मास्तर_साक्री

नाना, राग कसला, तुम्ही मोठे. पाठांतर नको असं मी म्हटलंच नाही, चित्र आधी आणि पाठांतर मागून एवढंच म्हणतोय. माझ्या वर्गात पावरी बोलणारी पोरं आहेत, मराठीच त्यांची दुसरी भाषा, त्यात 'सहा साती बेचाळीस' म्हणजे त्यांना नुसता मंत्र. अर्थ नसलेला मंत्र मधेच विसरला की परत पहिल्यापासून म्हणावा लागतो, तुम्ही बघितलं असेल पोरं सात आठी विचारलं की सात एके पासून चालू करतात. चित्र डोक्यात असेल तर मधूनच पकडता येतं.

आणि तुमच्या आईंची सवायकी तर चित्रात फार सुरेख येते हो. एक मूठ म्हणजे एक आख्खी भाकरी काढायची, पाव मूठ म्हणजे तिचा चतकोर. माणसामागे एक आख्खी आणि एक चतकोर. चार माणसं झाली की चार चतकोरांची एक आख्खी होते, म्हणजे चाराच्या पाच. आठ माणसांच्या दहा. सहा माणसं असतील तर सहा आख्ख्या, सहा चतकोरांतून एक आख्खी आणि अर्धी, साडेसात. तिसरीच्या पोराला चतकोर शब्द घरूनच माहीत असतो, त्यामुळे शिकवायला काही लागतच नाही. तुमच्या आई मनात हेच चित्र बघत असणार.

नाना_धुळेकर

चतकोर मान्य. बाकीचं नंतर बघू.

केळीवाला_रावेर

माझं छोटं आहे. मुलगी चौथीत, तिला केळीची बाग काढायला लावली होती दसऱ्याला, कागदावर, आपल्याकडे पाच बाय पाच फुटावर लावतात तशी. ओळीत किती झाडं, किती ओळी, मधे तुटाळ पडली तर वजा. मग घड, घडाला फण्या, फणीला केळी. ९ फण्या आणि प्रत्येक फणीला १४ केळी असं तिने स्वतः ठरवलं आणि मग १४ नव्वे कुठून आणायचे म्हणून अडली, तर मास्तर म्हणतात तसंच १० आणि ४ वेगळं काढलं, ९० आणि ३६, १२६. मला वाटलं हे मी शोधलं, ते भास्कराचार्यांनी आधीच करून ठेवलेलं निघालं 😄

पोळ्याचे बैल पण मस्त चालतात माई. बैलाला ४ पाय, जोडीला ८. सहा जोड्यांचे पाय किती. फक्त पोरगं सगळे पाय काढत बसतं आणि रात्र होते. गोंडे, झूल हे नंतर, आधी पाय असं ठरवून टाका.

पुण्यातली_खान्देशी

माहेर पारोळा, राहते पुण्यात. माई, तुमचं पोस्ट वाचून हसू पण आलं आणि आमचं घर पण आठवलं, आमच्याकडे तर तीन रेडिओ आहेत कारण शेजारचे गुजराती काका पण पाढे म्हणून घेतात.

आमच्याकडे आकाशकंदिलासाठी जे केलं ते सांगते. कागदावर ताट उपडं ठेवून गोल काढायचा. ताटाच्या कडेने दोरा गुंडाळून तेवढा कापायचा, त्याचे सारखे दहा भाग करून गोलावर दहा खुणा, आणि त्यांना ० ते ९ नंबर. आता कुठलाही पाढा म्हणायचा आणि फक्त शेवटचा आकडा बघायचा, एकक स्थानचा. तीनचा पाढा घ्या, ३, ६, ९, मग १२ चा २, १५ चा ५, १८ चा ८, २१ चा १, २४ चा ४, २७ चा ७, ३० चा ०. शून्यापासून निघून ह्या क्रमाने पट्टीने रेघा जोडत गेलं की दहा टोकांची चांदणी तयार होते. चारच्या पाढ्याची पाच टोकांची चांदणी होते, ती अगदी आपल्या कंदिलावर शोभते तशी. दोनची चांदणी नाही, साधा पंचकोन. पाचची तर नुसती एक रेघ, शून्य ते पाच आणि परत, मुलगा म्हणाला "पाचचा पाढा आळशी आहे".

पण खरी गंमत पुढे. सातची चांदणी काढली तर ती हुबेहूब तीनची निघाली, फक्त उलट्या दिशेने काढली गेली. सहाची चारसारखी, आठची दोनसारखी, नऊची एकसारखी. मुलगा हे बघून जो काही उडाला! मी पण उडाले, इंजिनिअरिंग करून बसलेय आणि हे मला कोणी दाखवलं नव्हतं. आता आठचा पाढा म्हणताना चुकून एकक स्थानी विषम आकडा आला तर त्याला स्वतःलाच कळतं की काहीतरी घोळ आहे, कारण आठची रेघ विषम आकड्यांवर जातच नाही. मात्र हे पण लिहिते की ह्याने पाढा पाठ होत नाही, मास्तरांच्या परीक्षेत हे अर्धंच पास होईल, दशक स्थान ह्यात दिसत नाही. पण पाढ्यांची भीती जाते, आणि पट्टी सरळ धरायला शिकतात हा बोनस. पाढे म्हणायचे तर ते चांदणीसाठी म्हणायचे, त्यामुळे कंटाळा पण येत नाही.

आणि ते वर्कशीट उलटं वापरा. त्यालाच एक बनवायला सांगा, बाबांसाठी. पणतीचं चित्र काढायचं, खण पाडायचे, प्रत्येक खणात गुणाकार असा लिहायचा की बरोबर सोडवला तरच पणती पणतीसारखी दिसेल. पिवळ्याचं उत्तर ३६ ठरवलं तर ३६ येणारे वेगवेगळे गुणाकार त्याला शोधावे लागतात, चार नव्वे, सहा सक, नऊ चोक. सोडवण्यापेक्षा बनवण्यात चौपट डोकं लागतं. बाबांनी मुद्दाम एक चूक करायची, ती शोधण्यात तर त्याचा दिवस जातो.

अमळनेरची_माई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. वसुबारसपासून सुरू केलंय, चार दिवसांचा रिपोर्ट देते आणि एक प्रश्न पण आहे.

कागदाला भोकं पाडणं फुल हिट. चार पदरी, आठ पदरी, सोळा पदरी, मग पेपर फाटला. ६ आणि ७ चा कागद फिरवून दाखवला तेव्हा तो दोन मिनिटं नुसता बघत होता, मग म्हणाला "म्हणजे आबा पण बरोबर आणि टीचर पण बरोबर?" मला आधी कळेना हा काय बोलतोय. नंतर लक्षात आलं, त्याला वाटत होतं सिक्स सेव्हन्स आणि सहा साती ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि त्यातलं एक कोणाचं तरी चूक असणार, म्हणून तो दोघांसमोर गप्प बसायचा. मी इतके दिवस आळशी समजत होते त्याला. धपाट्याचं फार वाईट वाटलं.

भाकरी-चतकोर आबांना दाखवलं, ते खुश, पण म्हणाले आमच्याकडे रोटाला माणसं जास्त असायची, पस्तीसची सवायकी काढ म्हणाव, कागद पुरणार नाही!

आता प्रश्न. काल सासूबाईंनी ओट्यावर 'सात ते एक' काढली. हा मोजायला बसला. त्यांनी काढली ती अशी, मधल्या रांगेत ७, मग वर-खाली ६, ५, ४ करत १ पर्यंत, म्हणजे मधल्या ठिपक्यांची. त्याचे ४९ आले. मला वाटलं चुकला, मी मोजले तर ४९च. मग जाऊबाई म्हणाल्या आमच्या माहेरी सात ते एक म्हणजे ७, ५, ३, १, समोरासमोर ठिपके. ती काढून मोजली तर २५. दोन्ही सात ते एक आणि एकात सात साती, दुसरीत पाच पंचे? हा योगायोग आहे का काही आहे ह्यात? पोरगा मला विचारतोय आणि मी काठावर पास.

मास्तर_साक्री

ताई, तुमच्या ओट्यावर जे झालंय ते मला वर्गात घडवायला आठवडा लागला असता.

पहिली रांगोळी. १ ते ७ आणि परत १, ह्यात ठिपके मधल्या जागेत येतात. तिच्याकडे मान तिरकी करून बघा, कोपऱ्यातून. तो दुसरं काही नाही, ७ रांगा ७ ठिपक्यांचा चौकोनच आहे, फक्त पतंगासारखा टोकावर उभा केलेला. तिरक्या ओळीने मोजायला सांगा, प्रत्येक तिरक्या ओळीत सातच ठिपके भरतील आणि अशा ओळी सातच. म्हणून ४९. पाच ते एक काढली तर २५, नऊ ते एक काढली तर ८१, तो न मोजता सांगेल आणि सासूबाईंना वाटेल जादू केली.

दुसरी, जाऊबाईंच्या माहेरची, तिचं बरोबर २५ आहे पण ती पाच पंचे नाही, इथे फसू नका. तिरकी मोजलीत तर पाच-पाचच्या ओळी मिळणार नाहीत. तिथे दोन रंगांचं पीठ घ्या, आणि एक आड एक रंग द्या, शेजारचा ठिपका कायम दुसऱ्या रंगाचा, बुद्धिबळाच्या पटासारखा. चारही टोकांच्या ठिपक्यांचा जो रंग असेल त्याचे १६ ठिपके निघतील, आणि ते टोकावर उभा केलेला ४ चोकचा चौकोन बनवतात. त्याच्या पोटात दुसऱ्या रंगाचे ९, तीन त्रिक. १६ आणि ९ मिळून २५. म्हणजे एकात एक बसवलेले दोन चौकोन. त्याला आधी सांगू नका, नुसते दोन रंग हातात द्या आणि एक आड एक एवढंच सांगा.

नाना_धुळेकर

मी ही काल रात्री अंगणात काढून बघितली. १६ आणि ९ बरोबर आहे. सूनबाई विचारत होती नाना काय करी राहिनात. मास्तर, हे आम्हाला त्या वेळी का नाही कोणी दाखवलं?

केळीवाला_रावेर

नाना रांगोळी काढताहेत, फोटो पाहिजे 😄

पुण्यातली_खान्देशी

फोटो पाहिजेच. आणि माई, धपाट्याचं मनावर घेऊ नका, पण त्याला एकदा सांगा मात्र, की तुझं बरोबर होतं. मुलं धरून ठेवतात.

अमळनेरची_माई

भाऊबीज झाली, शेवटचा रिपोर्ट.

सांगितलं त्याला. तो म्हणाला "कधीचं?" विसरला होता. किंवा दाखवत नव्हता, माहीत नाही.

काय चाललं: तिरकी रांगोळी रोज. चांदण्या एवढ्या काढल्या की तीनची आणि सातची एकमेकींवर ठेवून खिडकीला लावलीय. बाबांसाठीची पणती, त्यात त्याने एका खणात ५ × ७ लिहून ३६ चा रंग ठेवला होता, बाबांनी पकडलं तर म्हणतो ते मुद्दाम होतं. काय चाललं नाही: किल्ला. किल्ल्याच्या पायऱ्या, तटावरचे मावळे मोजायचं ठरवलं होतं पण तिथे गुणाकार वगैरे काही झालं नाही, नुसता चिखल झाला, आणि मी पण सोडून दिलं, सगळ्यातच गणित घुसवलं तर किल्ला पण नकोसा व्हायचा. केळीची बाग बहिणीने आधी काढली म्हणून त्याने काढली नाही. बैल मात्र काढले, पाय आधी.

पाढे आता कसे आहेत तर सहा पूर्ण, नऊ बोटांवर, सात आणि आठ अजून अडतात. सात आठी विचारलं की ओट्याकडे बघतो, पाचव्या ठिपक्याजवळ हवेत एक रेघ मारतो आणि म्हणतो "पस्तीस... आणि एकवीस... छप्पन." वेळ लागतो. आबांनी काल मधेच उत्तर सांगून टाकलं तर रागावला त्यांच्यावर, म्हणे मी करत होतो ना.

वर्कशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने दोन रंगांची २५ ठिपक्यांची रांगोळी काढलीय आणि खाली १६ + ९ लिहिलंय. शाळा सुरू झाली की तीच जमा करणार म्हणतो. पुढच्या बाजूला भोपळा आहे तो तसाच राहू दे म्हटलं.

रांगोळी तीन किलो संपली. सासूबाई विचारताहेत की तुळशीच्या लग्नाला काही शिल्लक ठेवणार आहात का.